भोंग्याला लावलेला सूर

प्रिय रेवा आणि अनय,

तुम्ही परवा मेलबर्नहून पाठवलेलं गाणं मी ऐकलं. सोबत तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत. रेवाचा प्रश्न असा, की हा बँड कर्जतचा आहे म्हणे, आजी ओळखते का यांना? अनयचा प्रश्न असा, की गाणं संपल्यावर एक माणूस काहीतरी बोलतो, ते काय? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ओळखते. गिटार वाजवणाऱ्या माणसाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आपल्याच इमारतीच्या तळमजल्यावर आहे. दुसऱ्या उत्तराला जरा वेळ लागेल.

गाण्याखाली लोकांनी जे लिहिलंय तेही मी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. एकाने लिहिलंय, की ह्या बँडने प्रस्थापित सुरांना जाणीवपूर्वक नकार दिला आहे. दुसऱ्याच्या मते हे औद्योगिक एकटेपणावरचं भाष्य आहे. तिसऱ्याने एवढंच लिहिलंय, की गिटार बेसूर आहे. तिघेही चुकले आहेत, त्यातल्या त्यात तिसरा कमी. मी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि खरी हकीकत माहीत असलेली माणसं फार नाहीत. म्हणून क्रमाने लिहून ठेवते.

हा गिटारवाला, हरिश्चंद्र भोईर, कुणाच्या घरी गेला तर बेल वाजवत नाही. तो उंबऱ्याबाहेर उभा राहतो. काखेत छत्रीसारखी धरलेली हातभर लांबीची पोलादी नळी काढतो, दोरीला धरून लटकवतो आणि खिशातल्या छोट्या पान्याने हळूच ठोकतो. ठण्ण. मग डोळे मिटून, मान तिरकी करून घरातले आवाज ऐकतो आणि निकाल देतो.

"फ्रीज उतरलाय, ताई."

किंवा, "पंखा चढलाय." म्हणजे नळीच्या सुराच्या खाली किंवा वर.

तिसरा निकाल क्वचितच मिळतो, तो म्हणजे "बरा हाय". आपल्या इमारतीत तो आजवर फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या पिठाच्या गिरणीला मिळाला आहे. त्या घरच्या बाई ही गोष्ट नव्या पाहुण्यांना अजून सांगतात.

अडचण अशी, की आपल्या भाषेत चढण्या-उतरण्याची कामं फार. तुमचे आजोबा एकदा तापाने आठ दिवस झोपून होते. नवव्या दिवशी सकाळी दाराशी ठण्ण झालं आणि हरी म्हणाला, "उतरलाय, ताई."

मी म्हटलं, "हो रे, पहाटेच उतरला."

"किती दिवस झाले?"

"आठ दिवस होता."

"पुन्हा उतरंल. आतलं खराब झालं असंल. खोलून बघावं लागंल."

मी हादरले. आजोबांनी आतून विचारलं, कोण डॉक्टर आलेत? हरी फ्रीजबद्दल बोलत होता.

हा माणूस असा का, ह्याचा मी पुष्कळ वर्षं विचार केला नाही. काही माणसं नाणी जमवतात, काही माणसं पेपरातली शब्दकोडी सोडवतात, हरी भोईर फ्रीजचा सूर तपासतो, एवढं मला पुरेसं होतं. आता बँडकडे वळते.

मी रसायनीच्या एका कारखान्यात इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळत होते, हे तुम्हाला माहीत आहे. आम्ही मोहोपाड्याला स्टाफ कॉलनीत राहायचो. हरी मेंटेनन्समध्ये फिटर होता, खालापूरकडच्या भातशेती करणाऱ्या घरातला. कारखान्याला वाफेवरचा भोंगा होता. सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री अकरा, अशा पाळ्या बदलताना तो अर्धा मिनिट वाजायचा. पाताळगंगा नदीचं सगळं खोरं त्यावर चालायचं. बायका भोंग्यावर कुकर लावायच्या. भोंग्याची देखभाल हरीकडे होती, आणि भोंगा सुरात वाजला पाहिजे असं कुणी सांगितलेलं नसताना तो त्याची शिट्टी कानशीने घासून घासून एका सुरावर आणून ठेवायचा.

लॅबमध्ये कुरियन नावाचा केरळचा केमिस्ट होता. त्याच्याकडे रॉक संगीताच्या कॅसेट होत्या. त्याने एक दिवस हरीला त्यातली एक ऐकवली. ती फाटल्यासारखी वाजणारी गिटार हरीने शांतपणे ऐकली आणि म्हणाला, "मोटर जळालीय. पन सुरात जळालीय." पुढच्या आठवड्यात तो कुणाची तरी जुनी गिटार घेऊन आला.

गिटार सुरात कशी लावायची हे त्याला ठाऊक नव्हतं. पण सूर कुठे मिळतो हे ठाऊक होतं. त्याने दुपारच्या भोंग्याला एक तार लावली, रात्रीच्या भोंग्याला दुसरी, सकाळच्या भोंग्याला तिसरी. दोन दिवसांत सहाही तारा एकाच सुरात लागल्या. कुरियनने ती गिटार पाहिली आणि एकेक तार छेडून बघितली. मग त्याने समजावलं, की प्रत्येक तार वेगळ्या सुराची असते. हरीने पाच तारा बदलून घेतल्या. सर्वांत जाडी तार मात्र भोंग्याची राहिली आणि बाकीच्या तिच्या हिशेबाने लागल्या. जगातल्या इतर गिटारींच्या मानाने ही गिटार पाव सुराने कुठेतरी मधेच बसते. कुरियन स्वतः बास गिटार वाजवायचा, त्याने तिच्यावर तेवढीच तडजोड केली. रविवारी चर्चमध्ये तो पुन्हा जगाच्या सुरात वाजवायचा.

दोघे दुसऱ्या पाळीत असल्यामुळे बँडचं नाव पडलं 'दुसरी पाळी'. आता ड्रम हवा होता, आणि इथे माझा प्रवेश होतो.

हरी माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "म्याडम, गणपतीच्या कार्यक्रमासाठी ड्रम पायजे. साहेबांना इंग्रजीत पत्र द्या." मी पत्र टाइप केलं: सांस्कृतिक कार्यासाठी एक ड्रम, जुना असल्यास हरकत नाही, उपलब्ध करून द्यावा. साहेबांनी सही केली. पत्र स्टोअर्सला गेलं. स्टोअर्सचे प्रमुख लिहिलेल्या शब्दाला जागणारे होते. त्यांनी रसायनाचं दोनशे लिटरचं निळं लोखंडी पिंप रिकामं करून, तीनदा धुऊन, गेटपाससह कॉलनीत पाठवून दिलं. कारखान्यात पिंपाला ड्रमच म्हणतात. माझ्या नोकरीतलं चुकीचं गेलेलं पत्र म्हणून मी ते अजून लक्षात ठेवलं आहे.

पिंप घेऊन आला तो गोमा. गोमा चौक गावाच्या वरच्या अंगाला, माथेरानच्या पायथ्याशी असलेल्या ठाकर आदिवासींच्या वाडीतला. कारखान्यात ठेकेदाराकडे पिंपं भरायच्या कामाला होता. तो ते पिंप आडवं घालून लोळवत आणत होता आणि कंटाळा येऊ नये म्हणून दोन्ही हातांनी त्यावर ताल धरत होता. हरी आणि कुरियन दारात उभे राहून पाहत होते. पिंप उभं करून गोमा परत निघाला, तर हरी म्हणाला, "तू कुठं चाललास? तू बँडमदी हायेस."

गोमा म्हणाला, "मी कंत्राटात हाय."

"मग आता दोन कंत्राटं."

बँडचा पहिला आवाज असा होता: जळालेली मोटर, चर्चचा बास आणि पिंप. गाणी हरीची. 'गेटपास' हे त्यांचं पहिलं गाणं, तुम्ही ऐकलंत तेच:

गेटपास नाय तर आत कसा,
आत आलास तर भायेर कसा.

एवढ्याच दोन ओळी सात मिनिटं चालायच्या. कॉलनीच्या गणपतीत त्यांनी ते वाजवलं तेव्हा पहिल्या रांगेतली अधिकारी मंडळी आरतीला उठावं तशी उठून गेली. मागच्या रांगेतल्या पोरांनी मात्र ते पुन्हा वाजवायला लावलं. मी तिसऱ्या रांगेत होते. मी बसून राहिले, पण आवडलं असं म्हणता येणार नाही.

वाजवायला सुरुवात करण्याआधी हरीचा एक विधी असे. तो नळी ठोकायचा आणि ती घुमत असतानाच गोमाच्या कोपराला टेकवायचा, देवळात तीर्थ द्यावं तशी. गोमा मान हलवायचा आणि वाजवू लागायचा. कुरियन ह्यावर हसायचा. म्हणायचा, मला का नाही आशीर्वाद? हरी म्हणायचा, "तुला येशू हाय."

मधे एक वर्ष त्यांच्याकडे खरोखरचा ड्रमसेट होता, कुठल्याशा ऑर्केस्ट्राचा उतरवलेला. त्या वर्षी 'दुसरी पाळी' इतर कुठल्याही बँडसारखी वाजायची, आणि लोकांना तेव्हा ती पहिल्यांदाच आवडू लागली होती. हरीने तो सेट देऊन टाकला. कारण विचारलं तर म्हणाला, "त्याला सूर नाय." कुरियन म्हणाला, ड्रमला सूर नसतोच. हरी म्हणाला, "आमच्याला असतो." गोमा गप्प होता. गोमा बहुतेक वेळा गप्पच असायचा. आपण नमस्कार केला की मान हलवायचा आणि हसायचा. वाडीवरची माणसं लाजाळू असतात, असं आम्ही कॉलनीतले लोक मानायचो. मानायला सोपं होतं.

मग कारखाना बंद झाला. कुरियन केरळला गेला. हरीने भोंगा उतरवण्याआधी पोलादाची एक नळी कापली आणि भोंग्याच्या सुराशी जुळेपर्यंत घासली. काखेतली नळी ती हीच. पहिली, जी तो गोमाच्या कोपराला लावायचा, ती नुसती अंदाजाची होती. त्या दिवशी गेटबाहेर पडताना तो मला पहिल्यांदा म्याडमऐवजी ताई म्हणाला. पुढे आम्ही कर्जतला राहायला आलो आणि वर्षभराने त्याने खाली दुकान घेतलं.

कुरियनच्या जाण्याने बासची जागा रिकामी झाली. ती पिंपाने भरली. हरीने गिटारीचा आवाज काढणारा डबा पिंपाला चिकटवून ठेवायला सुरुवात केली. जाडी तार छेडली की पिंप आपोआप घुमायचं. आवाज आता कमी वेगाचा, जड आणि थोडा पोटात गेल्यासारखा झाला. मला तो आधीपेक्षा बरा वाटला, पण मी तेव्हा तसं सांगितलं नाही.

गोमाला माथेरानला एका हॉटेलात बागकाम मिळालं होतं. सुट्टीच्या दिवशी तो खाली उतरायचा. त्या काळात ते दोघे हळदीचे कार्यक्रम घ्यायचे. आपल्या भागात हळदीला लोकांना नाचायचं असतं. हरी चार नाचायची गाणी वाजवून पाचवं आपलं घालायचा, अंगणातले लोक थांबून एकमेकांकडे पाहायचे. एका हळदीला जनरेटरचा सूर त्याला खटकला आणि तो माइकवरून म्हणाला, "चढलाय. कोनी तरी उतरवा रं त्याला." त्याच वेळी नवरदेवाचा मामा स्टेजच्या पायरीवर उभा होता, आणि मामा खरोखरच चढलेला होता. "मला उतरवणारा तू कोन?" असं म्हणत तो वर आला. हरीने त्याला नळी दाखवून सगळं समजावलं. मामाला वाटलं, नळी मारायला काढली आहे. त्यानंतर हळदीचे कार्यक्रम कमी झाले.

पुढे रिसॉर्टांचा काळ आला. तिथे मोठा आवाज चालत नाही. मॅनेजर म्हणाला, अनप्लग्ड वाजवा. हरीने मला विचारलं आणि मी सांगण्याआधीच त्याने स्वतः अर्थ लावला: "लाइट गेल्यावर वाजवतात ते." हळद संपून जनरेटर बंद झाल्यावर अंगणात, गिटार पिंपाला टेकवून, त्यांनी तसं पुष्कळ वाजवलं होतं. तिथे पोहण्याच्या तलावाच्या काठाशी मुंबईच्या एका मुलीने त्यांना विचारलं, तुम्ही इंडी आहात का? हरी संध्याकाळी वर आला. ठण्ण.

"फ्रीज अजून उतरलेलाच हाय. ताई, इंडी म्हंजे काय?"

मी सांगितलं, ज्यांच्या मागे मोठी कंपनी नसते, जे स्वतःचं स्वतः करतात, ते.

तो विचार करून म्हणाला, "म्हंजे कोनाचे नाय असे."

तसं म्हणायला हरकत नाही, मी म्हटलं. तेव्हापासून तो सगळ्यांना सांगतो, "आमी इंडी. कोनाचे नाय." त्याने लग्न केलं नाही, हे इथेच सांगून टाकते. त्याविषयी तो बोलत नाही आणि मी विचारलेलं नाही.

त्याच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती तो दर दोन-चार महिन्यांनी बोलून दाखवायचा: "एकदा नीट टेप झालं पायजे. गोम्याचं पिंप नीट टेप झालं पायजे." लोक मोबाइलवर घ्यायचे, पण त्यात पिंपाचा नुसता टप टप आवाज यायचा, घुमणं यायचं नाही. कुरियन असताना ते एकदा पनवेलला एका रेकॉर्डिंगवाल्याकडे गेले होते. तो म्हणाला, आधी गिटार लावून आणा. हरी म्हणाला, लावलेलीच हाय. तो म्हणाला, नाही. हरी पिंप टेंपोत चढवून परत आला. कुरियन त्याच्याशी महिनाभर बोलला नव्हता. कुरियनला वाटलं, ह्या माणसाच्या हट्टापायी आपलं सगळं वाया गेलं. मलाही तसंच वाटलं होतं.

आता मागच्या वर्षीचं. खालापूरच्या पुढे एका फार्महाउसवर ईशान नावाच्या मुंबईच्या तरुणाने स्टुडिओ थाटला आहे. त्याने ह्या दोघांना रिसॉर्टवर ऐकलं होतं. त्याने त्यांना चार गाण्यांसाठी बोलावलं. हरी पासष्टच्या पुढे गेला आहे, गोमाचे गुडघे माथेरानच्या चढाला कुरकुरतात. पुन्हा असं बोलावणं येणार नाही, हे न सांगता सगळ्यांना कळत होतं. हरी मला म्हणाला, "तुमी चला, ताई. तो इंग्रजी बोलतो. तुमचं इंग्रजी ऑफिसचं हाय, त्याला मान पडतो."

मी टेंपोत पुढे बसले, नळी मांडीवर घेऊन. मागे पिंप, आणि पिंपाला धरून गोमा.

ईशान चांगला मुलगा. चहा दिला, खुर्ची दिली. मग त्याने गिटारीला एक चिमटीएवढं यंत्र लावलं. तार बरोबर लागली की त्यात हिरवा दिवा लागतो. सहाच्या सहा तारांना लाल लागला. तो हसून म्हणाला, "अंकल, थोडा ट्यून कर लें?"

हरी म्हणाला, "लावलेलीच हाय."

मला पनवेल आठवलं.

ईशानने मला इंग्रजीत समजावलं. नंतर त्याचा मित्र ह्यात कीबोर्ड घालणार, तेव्हा सूर जगाशी जुळायलाच हवा. शिवाय प्रत्येकाचं वेगवेगळं घेतात, आधी ताल, मग गिटार. त्याने गोमाला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि त्यातून ठोके सोडले. गोमा पिंपावर हात ठेवून हसत बसला. ईशानने काचेतून हाताने खूण केली. गोमाने मान हलवली आणि वाजवलं, छान वाजवलं, पण ठोक्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तसंच.

ईशान आवाज खाली आणून मला म्हणाला, की पिंपवाल्या काकांचे आभार मानूया, ताल मी कॉम्प्युटरवरून टाकतो.

हरीने विचारलं, "काय म्हनतो?"

मी म्हटलं, थांब जरा. आणि गोमासाठी पाणी घेऊन आत गेले.

तो माझ्याकडे पाठ करून उभा होता. हेडफोन काढून त्याने गळ्यात अडकवले होते. मी म्हटलं, "गोमा, पाणी." पुन्हा म्हटलं, मोठ्याने. खोली अशी, की टाचणी पडली तरी ऐकू यावी. मग मी ग्लास पिंपाच्या झाकणावर ठेवला. झाकणावर त्याचा तळवा होता. ग्लास टेकताक्षणी तो वळला, हसला आणि मान हलवली.

तीस वर्षं मी ह्या माणसाला नमस्कार करत आले होते.

हरी बाहेर व्हरांड्यात पाण्याच्या पंपाशी उभा होता. नळी हातात होती. "चढलाय," तो म्हणाला.

मी म्हटलं, "हरी, गोमाला ऐकू येत नाही."

त्याने नळी ठोकली नाही. ती काखेत धरली.

"कधीपासून?"

"कारखाना होता तेवाच कमी होतं. आता काय बी नाय."

"मग वाजवतो कसा?"

"पिंपाला एकच सूर हाय, ताई. भोंग्याचा निघाला, नशीब. त्या सुरात तार छेडली का पिंप घुमतं, त्याच्या पोटाला कळतं. जरा इकडंतिकडं झालं का पिंप गप. मग तो एकटाच."

"हे पनवेलला सांगायचं होतंस. कुरियनला तरी."

तो पंपाकडे पाहत म्हणाला, "गोम्याला वाटतं, मला ठाव नाय."

मी व्हरांड्याचं दार लोटून घेतलं.

"तो लपवतो, मी बघत नाय. मला कळलंय असं त्याला कळलं, तर दुसऱ्या दिवशी खाली यायचा नाय. म्हनंल, तुझं माझ्यापायी अडलं."

"आणि हे फ्रीज, पंखे? घराघरांत जाऊन हे ठोकणं?"

"येडा असलेला बरा, ताई. शान्या मान्साला लोक कारन विचारतात."

पंप चालू होता. तो चढला होता की उतरला होता, मला काही कळलं नाही. मी आत गेले.

चाळीस वर्षांच्या नोकरीत मी जी भाषा लिहिली, ती मी ईशानशी बोलले. मराठीत सांगायचं तर साधारण असं: आपल्या मघाच्या चर्चेच्या अनुषंगाने कळवते, की सदर सूर हा पाताळगंगेच्या खोऱ्याचा प्रमाण सूर असून तो अनेक वर्षं अखंड वापरात होता. त्यात बदल करण्याचा अधिकार वादकांना नाही. तसेच ही दोन वाद्यं एकमेकांपासून विलग करण्याची प्रथा नाही.

ईशानने विचारलं, म्हणजे हा वारसा आहे का?

मी म्हटलं, तसं समजण्यास प्रत्यवाय नाही.

त्याचे डोळे मोठे झाले. त्याने मित्राला फोन करून सांगितलं, की कीबोर्ड राहू दे. लाल दिव्याचं यंत्र त्याने खिशात टाकलं. पिंप आणि गिटारीचा डबा एकाच खोलीत, एकमेकांना चिकटवून ठेवले. नोकरीत मी एक पत्र चुकून चुकीचं पाठवलं होतं. हे दुसरं, समजून उमजून. दोन्ही त्या एकाच पिंपासाठी.

हरीला मी एवढंच सांगितलं, की मुलगा तयार आहे. त्याने नळी ठोकली आणि गोमाच्या कोपराला टेकवली. गोमाने पोट पिंपाला लावलं. चार गाणी झाली. शेवटचं 'गेटपास' होतं. ते संपताना हरीने जाडी तार तशीच घुमत ठेवली, आणि गोमा झाकणावर तळवा ठेवून उभा राहिला. आम्हाला आवाज ऐकू येईनासा झाला, त्यानंतरही तो थोडा वेळ तसाच होता. मग त्याने हात उचलला आणि म्हणाला, "भोंगा झाला रं, हरी. चल."

घड्याळात पावणेपाच वाजले होते. कसली पाळी, कुठलं गेट? पण हरीने गिटार खाली ठेवली आणि म्हणाला, "चल."

अनय, तो आवाज गोमाचा आहे. ईशानने तो काढून टाकला नाही, हे त्याचं शहाणपण.

हे तुम्ही दोघांनीच वाचायचं आहे. गाण्याखाली लिहू नका. गोमाला अजून वाटतं, की हरीला ठाऊक नाही, आणि तो अजून सुट्टीच्या दिवशी खाली उतरतो. मी कुरियनला मात्र पत्र लिहिलं, कारण त्याला ते कळणं आवश्यक होतं. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं, की आता बास पुन्हा पाव सुराने उतरवून ठेवतो.

कारखान्याच्या जागी आता गोदामं आहेत. भोंगा मोडीत गेला, त्याच्यावर कुकर लावणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी गेल्या. माझा फ्रीज बदलला, नवाही उतरलेलाच आहे असं हरी सांगतो. भोंग्याचा सूर मात्र अजून आहे. तो गोमाच्या पिंपात आहे, हरीच्या नळीत आहे, आणि ईशानने घेतलेल्या त्या चार गाण्यांत आहे.

तुमची,
आजी